मलबारचा साग, उत्तरेचा बर्फ

छत्रपती संभाजीनगरहून भोकरदनकडे गेलं, की पुढे केळणा नदीच्या काठी असई लागतं. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने इथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. बारा वर्षांनी, १८१५ मध्ये, मुंबईच्या गोदीतून ७४ तोफांची एक युद्धनौका पाण्यात उतरली. तिचं नाव होतं ‘वेलस्ली’. समुद्रापासून लांब असलेल्या आपल्या मराठवाड्याचा आणि त्या गोदीचा संबंध असा एका आडनावातून जुळतो.

त्याच गोदीत पुढे ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट बांधली गेली. जमशेटजी बोमनजी वाडिया हे तिचे मुख्य जहाजबांधणीकार. आराखड्याचं मूळ फ्रेंच, लाकूड मलबारचा साग. लांबलेल्या युद्धांमुळे इंग्लंडात ओकचा तुटवडा पडला होता, म्हणून नौदलाची नजर मुंबईकडे वळली. आराखडे घेऊन येणारं ‘जावा’ हे जहाज १८१२ च्या अखेरीस अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने लढाईत जिंकून नष्ट केलं. ते पुन्हा पाठवावे लागले आणि काम रखडलं.

‘त्रिंकोमाली’ पाण्यात उतरली १२ ऑक्टोबर १८१७ रोजी. त्यानंतर चोविसाव्या दिवशी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. शाळेत आपण खडकी शिकतो, गोदी शिकत नाही. पण पेशवाई बुडवणारी सत्ता आणि ही नौका बांधून घेणारी सत्ता एकच होती. तिला इथली जमीन हवी होती, तसंच इथलं लाकूड आणि इथल्या सुताराचा हातही हवा होता.

इंग्लंडला पोहोचली तोवर युद्ध संपलेलं. पंचवीसएक वर्षं ती नुसती उभी राहिली. मग तोफा कमी करून तिला पुन्हा कामाला जुंपलं. १८४९ मध्ये ती न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडॉरच्या गारठलेल्या किनाऱ्यावर होती. १८५२ नंतर पॅसिफिकमध्ये. तिथून थेट अलास्कापर्यंत गेली. बेपत्ता झालेल्या फ्रँकलिनच्या ध्रुवीय मोहिमेचा शोध चालू होता, त्या कामावरच्या जहाजाला रसद पोहोचवायची होती. केरळच्या पावसात वाढलेलं लाकूड बेरिंगच्या पाण्यात तरंगत होतं.

ते टिकलं कसं? सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे तो सहजी कुजत नाही. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं, सागात ते बरेच शाबूत राहतात. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांचे दरवाजे पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

पुढे ती प्रशिक्षण-नौका झाली. १८९७ मध्ये भंगारात निघाली, तिथून वाचली आणि ‘फूद्रॉयां’ या नव्या नावाने १९८६ पर्यंत मुलांना दर्यावर्दीपण शिकवत राहिली. हार्टलपूलला डागडुजी झाली, जुनं नाव परत मिळालं. ब्रिटनची आजही पाण्यावर तरंगणारी सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून लोक तिकीट काढून तिला पाहायला जातात.

‘वेलस्ली’ १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यानंतर थेम्स नदीत बुडाली. जेत्याचं नाव मिरवणारं जहाज गेलं, धाकटं राहिलं. ते आपलं म्हणावं का? त्याच्या तोफा आपल्या नव्हत्या आणि हुकूमही आपला नव्हता. सांधे मात्र आपल्या माणसांनी जुळवले होते, आणि दोनशे वर्षांनंतरही ते सुटलेले नाहीत. १८१७ सालाचा हिशोब मांडताना पराभवाच्या शेजारी एवढी नोंद तरी हवी.