इंग्रजी लेखनातील व्याकरणदोषांची दुरुस्ती : औंधच्या इतिहासाच्या संदर्भात

औंध हे आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील गाव असले, तरी १९४८ पर्यंत ते संस्थानची राजधानी होते. सध्याच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडी व कुंडल हा भागही त्याच संस्थानात मोडत असे. संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचे सूर्यनमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले, ते लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेले होते. राजाच्या लेखनावर दुसऱ्याची लेखणी फिरली की तिला संपादन म्हणतात. शाळकरी मुलाच्या निबंधावर लाल शाई फिरली की त्याला चुका काढणे म्हणतात. संपादक लेखकाचा आशय गृहीत धरून पुढे जातो. शिक्षक बहुधा तसे करीत नाही.

वस्तुतः मराठीभाषक विद्यार्थ्याच्या पुष्कळशा चुका अज्ञानातून नव्हे, तर मातृभाषेच्या नियमांतून उद्भवतात. मराठीत उपपदे नाहीत; म्हणून ‘ही इज टीचर’ हे वाक्य त्याला पूर्णच वाटते. ‘तू का आलास?’ या प्रश्नात कर्ता व क्रियापद जागा बदलत नाहीत. साहजिकच तो ‘व्हाय यू केम?’ असे लिहितो. ‘विषयी चर्चा करणे’ यातून ‘डिस्कस अबाउट’ येते. ‘तो गेला नाही’ यात नकार आला तरी ‘गेला’ हे भूतकाळाचे रूप कायम राहते. ‘डिड नॉट वेंट’ या हटवादी चुकीमागे याचाही हात असावा. अर्थात इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशी मुलेही लहानपणी ही चूक करतात. तेव्हा सारा दोष मराठीच्या माथी मारता येणार नाही.

अशा चुका आधीच ओळखता येतात, ही जाण जुन्या पाठ्यपुस्तकांत होती. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेत नियम मराठीतून सांगून लगेच दोन्ही बाजूंनी भाषांतर करवून घेतले जाई. ही पद्धत रुक्ष होती, हे खरे. तिने बोलते इंग्रजी फारसे दिले नाही. परंतु दोन भाषांतील फरक विद्यार्थ्यासमोर उघड मांडला जात असे. खुद्द औंधात १९१८ च्या सुमारापासून १९४८ पर्यंत पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचे स्वाध्याय मंडळ होते. त्यांचा ‘संस्कृत स्वयंशिक्षक’ गुरूविना शिकणाऱ्यासाठी आहे. अशा वाचकाची वही तपासायला कोणी नसते. त्यामुळे तो कोठे अडखळेल, याचा विचार पुस्तकालाच आधी करावा लागतो.

महाराष्ट्रात २००० पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. घरी इंग्रजीचा एक शब्दही कानी न पडणारी मुले तेव्हापासून या विषयाची वही लिहू लागली. प्रस्तुत लेखकाच्या मते, अशा वहीत एका वेळी एकाच प्रकारचा दोष दाखवावा, त्याशेजारी मराठी वाक्य लिहून फरक समजावून द्यावा आणि उरलेल्या चुका त्या दिवशी तशाच राहू द्याव्यात. पानभर लाल खुणा पाहिलेले मूल पुढच्या खेपेस चार ओळींऐवजी दोनच ओळी लिहिते, आणि त्या दोन ओळी बहुधा फळ्यावरून उतरवलेल्या असतात.