सिंगापूरच्या दुकानांतला चोरटा होम्स

सिंगापूरच्या वॉटर्लू स्ट्रीटवर १८७८ साली बांधलेले एक सिनेगॉग आहे. नाव मागेन आबोत, म्हणजे आपल्या अलिबागच्या सिनेगॉगचेच. बांधणारे मात्र बगदादी. तेथून पायी काही मिनिटांवर ब्रास बासा कॉम्प्लेक्स ही १९८० सालची इमारत आहे. नव्याजुन्या पुस्तकांची दुकाने तिथे इतकी की चिनी लोक तिला पुस्तकांचे शहर म्हणतात. जुनी पुस्तके जमवणाऱ्यांत काहीजण शेरलॉक होम्सच्या मागे असतात, पण इंग्रजी होम्सच्या नव्हे. लेखकाला न विचारता, त्याला एक पैसा न देता परक्या भाषेत छापलेला होम्स त्यांना हवा असतो. अशा पुस्तकांचा माग काढायला हे बंदर फार सोयीचे.

चिनी भाषेत होम्स प्रथम अवतरला १८९६ साली, शांघायच्या एका नियतकालिकात. अनुवादक चांग खुन-द याने ‘नेव्हल ट्रीटी’ ही कथा घेतली आणि पार उलगडून सरळ केली. वॉटसनचे निवेदन काढून टाकले, घटना घडल्या त्या क्रमाने मांडल्या. आधी कोडे आणि शेवटी उकल ही रीत तेव्हाच्या चिनी वाचकाच्या सवयीची नव्हती. मूळ कथेची गंमत त्यात गेली हे खरे, पण वाचक कसा होता ते अशा अनुवादावरूनच कळते. म्हणून जमवणाऱ्याला बिनचूक अनुवादापेक्षा असला मोडतोड केलेला अधिक मोलाचा वाटतो, आणि मला ते पटते.

१९१६ साली शांघायच्या चुंग ह्वा प्रकाशनाने बारा भागांत चव्वेचाळीस कथा काढल्या. भाषा पंडिती, जुन्या वळणाची. पुढे १९२७ साली दुसऱ्या एका प्रकाशकाने त्या बोलीभाषेत आणल्या. दोन्ही कामांत चेंग श्याओ-छिंग हा लेखक होता. त्याने ‘हुओ सांग’ नावाचा स्वतःचा चिनी होम्सही उभा केला. या सगळ्या काळात कॉनन डॉइल हयात होते; ते वारले १९३० साली.

चुंग ह्वा आणि कमर्शियल प्रेस या शांघायच्या दोन्ही मोठ्या प्रकाशकांनी सिंगापुरात शाखा काढल्या होत्या, त्यामुळे पुस्तके बोटीने थेट इकडे येत. इथे कायद्याची एक मौज आहे. परक्या लेखकाचे हक्क जपणाऱ्या बर्न करारात चीन १९९२ पर्यंत नव्हता, म्हणजे शांघायमध्ये असा अनुवाद छापणे गुन्हा नव्हे. सिंगापूर ब्रिटिशांचे, तिथे १९११ चा कॉपीराइट कायदा लागू, आणि त्यात अनुवादाचा हक्क लेखकाचा. काटेकोर पाहिले तर तेच पुस्तक शांघायला सरळ आणि सिंगापूरच्या धक्क्यावर उतरताच चोरटे! त्यावर कडी म्हणजे अशा चिनी पुस्तकांच्या शेवटच्या पानावर बहुधा ठळक छापलेले असे, ‘सर्व हक्क राखीव, नक्कल करणाऱ्यावर कारवाई होईल.’ जमवणारा आधी तेच पान उघडतो, कारण साल, किंमत आणि विक्रीची ठिकाणे तिथेच सापडतात.

मलय भाषेतली वाट निराळी. सय्यद शेख अल्-हादी यांनी १९०६ साली सिंगापुरात ‘अल्-इमाम’ हे नियतकालिक इतरांबरोबर सुरू केले. पुढे पिनांगला छापखाना काढून १९२८ पासून त्यांनी ‘रोकाम्बुल’ ही मालिका छापली. मूळ कथा फ्रेंच, ती अरबीत गेली आणि अरबीवरून मलयमध्ये आली. मूळ लेखक १८७१ सालीच वारला होता, तेव्हा याला चोरी म्हणणे जड जाते. पण दोन भाषांच्या चाळणीतून गळून काय उरले, हे पाहण्यासारखे आहे.

सिंगापूरने स्वतःचा कॉपीराइट कायदा केला १९८७ साली, आणि चोरट्या छपाईचा उघड धंदा आटोक्यात आला.

आपल्या लोकांनीही हा खेळ खेळला आहे. १९०८ च्या सुमारास योनास क्रेपेल यांनी यिद्दिशमध्ये माक्स स्पिट्सकोप्फ हा व्हिएन्नाचा यहुदी होम्स काढला. अनुवाद नव्हे, उसनवारी. क्रेपेल १९४० साली बुखेनवाल्डच्या छावणीत मारले गेले; त्यांच्या पातळ पुस्तिकांच्या फार थोड्या प्रती आज उरल्या आहेत. तेल अवीवला १९३१ च्या सुमारास श्लोमो बेन-इस्रायल यांनी तर दाविद तिदहार या खऱ्याखुऱ्या गुप्तहेरालाच नायक करून हिब्रू पुस्तिका काढल्या.

मराठीत गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सला मराठी पेहराव चढवला. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांतल्या कित्येकांचे बीज इंग्रजी. झुंजार आणि काळा पहाड आपल्यापैकी अनेकांच्या ट्रंकांतून आलियाबरोबर इकडे आले. नातवंडांना मराठी वाचता येत नाही. घर आवरताना तोरा आणि सिद्दूर कोणी टाकत नाही. आधी जातात ती ही पातळ, पाठ सुटलेली पुस्तके. तुमच्याकडे एखादे असेल तर पहिले पान पाहा. प्रकाशक, साल, किंमत आणि मुंबईच्या एखाद्या वाचनालयाचा शिक्का असेल तर तोही एका कागदावर उतरवून पुस्तकातच ठेवा.