टर्कीची पिल्लं, खुडूक कोंबडी आणि पाचशे वर्षं

गेल्या पावसाळ्यात माझी टर्कीची चौदापैकी नऊ पिल्लं गेली. पिवळी हगवण, पंख पाडून नुसती बसून राहायची. त्याच अंगणातल्या गावरान कोंबड्या मात्र ठणठणीत. मी खाद्याला दोष देत बसलो. डॉक्टरांनी मेलेलं पिल्लू फाडून यकृतावरचे गोल डाग दाखवले अन् विचारलं, "कोंबड्यांत सोडली होती ना?"

होय, सोडली होती. अंडी खुडूक कोंबडीखालीच बसवलेली. तिनं २८ दिवस ऊब दिली, मग पिल्लांना घेऊन उकिरड्यावर चरायला गेली.

चूक कुठं झाली ते कळायला मागं जावं लागतं. टर्की मूळचा मेक्सिकोचा. स्पॅनिश तिथं पोचण्याच्या कितीतरी आधीच तिथल्या लोकांनी तो पाळला होता. सोळाव्या शतकात तो युरोपात गेला. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचं नाव दिलं, तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात, पोर्तुगीज 'पेरू'. १६१२ साली मुकर्रब खानानं गोव्याहून तो जहांगीर बादशहाकडे नेला. त्याच्या डोक्यामानेचे रंग घडीघडी बदलतात, हे बादशहानं नवलानं लिहून ठेवलंय. उस्ताद मन्सूरनं काढलेलं त्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

कोंबडी मात्र आशियातली, आपल्या रानकोंबड्याच्या वंशातली. म्हणजे हे दोघं एका अंगणात आले त्याला जेमतेम पाचशे वर्षं झाली. कोंबडीच्या आतड्यातल्या बारीक जंतांच्या अंड्यांतून 'ब्लॅकहेड'चा परजीवी पसरतो. कोंबडी तो बहुधा सहज पचवते, टर्कीचा जीव जातो. ही अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, गांडुळातूनही पोटात जातात. १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये या रोगानं टर्कीचे कळप बसवले. १८९५ साली थिओबाल्ड स्मिथ यांनी त्यामागचा परजीवी ओळखला. कितीतरी वर्षांपासून सांगितलं जातंय, दोन्ही पक्षी एका जागेवर ठेवू नका. मला ते नऊ पिल्लं गेल्यावर कळलं.

यंदा पिल्लं बल्बच्या उबेत, जमिनीपासून उंच जाळीवर वाढवतोय. पुढं चरायला सोडायची ती कोंबड्या कधीच न फिरलेल्या पट्ट्यात. तिथं जायची चप्पलसुद्धा वेगळी ठेवलीय.

खुडूक कोंबडी अजून जाळीपाशी येऊन कुरकुरते. तिचा काही दोष नाही. तिला आता तिचीच अंडी दिलीत.