तहतानिया, वस्तानिया, फौकानिया : बीड जिल्ह्यातील निजामकालीन शाळा

१/ बीड जिल्ह्यातील वयोवृद्धांच्या बोलण्यात अजूनही तीन शब्द डोकावतात : तहतानिया, वस्तानिया, फौकानिया. निजामी राजवटीतील प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च शाळांची ही नावे. त्यांच्यामागे मराठवाड्याच्या शिक्षणाचा एक विस्मृत अध्याय आहे. (थ्रेड)

२/ १९४८ पर्यंत बीड हा हैदराबाद संस्थानातील जिल्हा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले आणि वरच्या इयत्तांवर उर्दूची पकड घट्ट झाली.

३/ मुळाक्षरे मराठीत गिरवलेल्या मुलाला पुढे गणित, इतिहास, भूगोल उर्दूतून शिकावे लागे. म्हणजे आधी भाषा शिकायची, मग विषय. घरात शिकलेले कोणी नसेल, तर ही चढण दुप्पट होई.

४/ पर्याय होता खाजगी शाळांचा : गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय (१९०७), औरंगाबादचे सरस्वती भुवन (१९१५), हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा (१९२१). बीड जिल्ह्यात हे स्थान मोमिनाबादच्या, म्हणजे आजच्या अंबाजोगाईच्या, योगेश्वरी नूतन विद्यालयाचे. मात्र खाजगी शाळा काढायलाही सरकारची परवानगी लागे.

५/ हिप्परग्याचे मुख्याध्यापक व्यंकटेश खेडगीकर संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि १९३५ मध्ये अंबाजोगाईला आले. बाबासाहेब परांजपे त्यांचे सहकारी. १९३८ मध्ये शाळा सोडून स्वामीजी स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले. मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व असे वर्गातून घडले.

६/ तथापि उर्दूकडे केवळ सक्ती म्हणून पाहणे अपुरे ठरेल. त्या शाळांनी मराठी बोलणारी, पण उर्दू सहज वाचणारी एक पिढी घडवली. राज्यकारभार बदलला आणि गावोगावचे ते कौशल्य त्या पिढीबरोबर ओसरत गेले.

७/ त्याची किंमत २०२३ मध्ये कळली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली. महसुली दप्तरांबरोबर शाळांची जुनी रजिस्टरेही उघडली गेली. कागद हाती होते. उर्दू आणि मोडी वाचणारे मात्र मोजकेच.

८/ एका ओळीतील जातीच्या नोंदीवर आज कुणाचे शिक्षण, कुणाची नोकरी अवलंबून आहे. म्हणून आपल्या गावच्या शाळेचे जुने रजिस्टर रद्दीत जाऊ देऊ नये. आणि ज्यांना ते वाचता येते, त्यांच्याकडून वेळीच वाचून घ्यावे.