जब्याचा दगड

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार होते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मध्ये पात्रात रोवलेले पळसाचे झाड. माणसे जखमी होतात, कित्येकदा प्राणांसही मुकली आहेत. सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलखाला या प्रथेचे भूषण वाटावे की खंत, हा वाद जुनाच आहे. तथापि एक गोष्ट निर्विवाद होय: तेथे दगड दोन्ही काठांवर असतात. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या केवळ दगड झेलणेच आले, अशा लोकांची कथा नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ या चित्रपटाने सांगितली. तो 14 फेब्रुवारी 2014 रोजी प्रदर्शित झाला.

‘फँड्री’ म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. नगरनजीकच्या अकोळनेर गावात गावकुसाबाहेर राहणारा कचरू माने आणि त्याचा शाळकरी मुलगा जब्या यांची ही हकिगत. कैकाड्यांचा मूळ व्यवसाय टोपल्या विणण्याचा. परंतु 1871 साली इंग्रज सरकारने केलेला गुन्हेगार जमातींचा कायदा पुढे एकेका प्रांतात पसरत गेला आणि या कष्टाळू लोकांवर जन्मतःच चोरीचा शिक्का बसला. 1952 साली तो कायदा रद्द झाला. शिक्का मात्र लोकांच्या नजरेत राहिला. सरकारी वर्गवारीचीही मौज पाहावी. हीच जमात विदर्भात दीर्घकाळ अनुसूचित जातींत आणि उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातींत गणली गेली. 1956 पर्यंत नागपूर व छिंदवाडा एकाच प्रांतात नांदत होते. प्रांतांच्या रेषा हलल्या, म्हणजे माणसाचे नावही कागदावर बदलते!

चित्रपटात नामांकित नट थोडे. कचरूच्या भूमिकेत किशोर कदम आहेत. जब्या झालेला सोमनाथ अवघडे हा खेड्यातला, कधी अभिनय न केलेला मुलगा. त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि मंजुळे यांना दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठी असलेला इंदिरा गांधी पुरस्कार. पूर्वार्ध काहीसा रेंगाळतो, अशी तक्रार ऐकू येते. ती अगदीच निराधार नाही. पण त्या रेंगाळण्यातच जब्याचे शालूवरील मूक प्रेम आहे आणि काळ्या चिमणीची राख टाकली की ती वश होईल, ही त्याची भाबडी श्रद्धा आहे.

येथे तुर्कस्तानातील यिल्माझ ग्युने यांच्या 1970 सालच्या ‘उमुत’ या चित्रपटाची आठवण होते. ‘उमुत’ म्हणजे आशा. त्यातला टांगेवाला जब्बार घोडा गमावतो, सोडतीची तिकिटे घेत राहतो आणि अखेर मांत्रिकाच्या नादी लागून गुप्तधनासाठी माती उकरतो. सरळ दारे बंद झाली म्हणजे माणूस चिमणीची राख शोधतो, किंवा जमिनीत पुरलेले सोने. तेथील सरकारने ‘उमुत’वर बंदी घातली होती.

उत्तरार्धात कचरूचे कुटुंब गावासमोर डुकरामागे धावते. गाव हसते, मुले टिंगल करतात. एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या थबकतो, कचरूही थबकतो, आणि हाती आलेले डुक्कर निसटते. पुढे ते पकडून काठीला लटकवून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर फुले, आंबेडकर व गाडगेबाबा यांची चित्रे दिसतात. यावर दिग्दर्शक एक शब्दही बोलत नाही.

‘उमुत’मधला जब्बार शेवटी डोळे बांधून स्वतःभोवतीच गरगरत राहतो. जब्याचे डोळे उघडे आहेत. तो दगड उचलतो, भिरकावतो. तो दगड थेट प्रेक्षकाच्या रोखाने येतो आणि पडदा काळा होतो.