धर्मशिक्षकाची विद्या व तिचा इतिहास



महोत्सवाच्या ह्या स्मरणिकेत मंदिराच्या बांधकामाचा व आजवरच्या धर्मगुरूंचा वृत्तांत अन्यत्र आलाच आहे. मंदिर कसे बांधावे हे गवंड्यास विचारता येते. परंतु एखाद्या माणसास ख्रिस्ताच्या वाटेवर आणून त्यास स्वतःच्या पायांनी चालावयास कसे शिकवावे, हे कोणास विचारावे? ही देखील एक विद्याच आहे. तिला इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचे ओघ आपल्या वर्धा जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचले आहेत. त्यांचा अल्पसा परामर्श येथे घेण्याचे योजिले आहे.

१८८७ साली नागपूर धर्मप्रांताची स्थापना झाली. त्या काळी ह्या प्रांतात जे धर्मगुरू कार्य करीत होते, ते संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या नावाने चालणाऱ्या व फ्रान्समधील आनेसी येथे स्थापन झालेल्या मिशनरी संघाचे होते. त्या संताचे चरित्र म्हणजे धर्मशिक्षकाचा वस्तुपाठच होय. १५९४ साली ते शाब्ले प्रांतात गेले, तेव्हा प्रवचन ऐकावयास माणसे येत ना; म्हणून त्यांनी लहान पत्रके लिहून ती घरोघरी पोहोचविली. पुढे बिशप झाल्यावर, १६०५ च्या सुमारास, मार्टिन नावाचा एक मूकबधिर तरुण त्यांस भेटला. ज्यास ऐकूच येत नाही त्यास धर्म कसा शिकवावा, असा प्रश्न इतरांस पडला; संताने मात्र हातांच्या खुणा योजून त्यास शिकविले आणि प्रभुभोजनास सिद्ध केले. एका गृहिणीस मार्गदर्शनार्थ त्यांनी जे लेखन केले, त्यातूनच १६०९ चा त्यांचा भक्तिजीवनावरील विख्यात ग्रंथ जन्मास आला. शिपायाची भक्ती, कारागिराची भक्ती व विवाहित स्त्रीची भक्ती एकाच साच्याची असू शकत नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून प्रथम शिष्यास ओळखावे, मग त्याचा पाठ ठरवावा, हा ह्या विद्येचा पहिला नियम मानावयास हरकत नाही.

त्याच सुमारास आपल्या मराठी भाषेत दुसरा एक ग्रंथ घडत होता. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आले व १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. त्यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. ते का लिहिले, हे ग्रंथाच्या आरंभीच सांगितले आहे. साष्टी महालात एका रविवारी दुपारी धर्मोपदेश चालला असता एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने विचारिले की, आमची जुनी पुराणे तुम्ही वाचू देत नाही, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे काय देता? हा प्रश्न पोर्तुगीज राजवटीत विचारिला जात होता. तेथे देवळे पाडली गेली होती व जुने ग्रंथ नाहीसे केले गेले होते, ही गोष्ट आपण झाकून ठेवू नये. त्या प्रश्नात दुःख होते. फादरांनी प्रश्नकर्त्यास गप्प बसविले नाही. त्याचे म्हणणे मनावर घेऊन सुमारे अकरा हजार ओव्यांचे उत्तर दिले. नित्याच्या शिकवणुकीसाठी मात्र त्यांनी लोकांच्या बोलीत, कोकणीत, प्रश्नोत्तररूपाने धर्मपुस्तिका रचिली. ती त्यांच्या पश्चात १६२२ साली छापली गेली. पुराणाच्या त्या शतकातील तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो ख्रिस्ती घरांनी जपलेल्या हस्तलिखितांमुळे. १९०७ साली मंगळूर येथे तो पुनः छापला गेला, तोही अशाच प्रतींच्या आधारे. शिष्याचा प्रश्न शेवटपर्यंत ऐकावा व उत्तर त्याच्या भाषेत द्यावे, हा दुसरा नियम.

तिसरा नियम गोव्याच्याच एका सुपुत्राने घालून दिला. १६५१ साली बाणावली येथे जन्मलेले संत जोसेफ वाझ १६८७ मध्ये वेष पालटून सिलोनात उतरले. डच राजवटीने तेथे कॅथलिक धर्मगुरूंस बंदी केली होती. विखुरलेल्या गावांस एकटा धर्मगुरू कितीसा पुरणार? म्हणून त्यांनी ठिकठिकाणी गृहस्थ पुढारी नेमिले. प्रार्थनेस माणसे जमवावी, मुलांस शिकवावे, आजाऱ्यांची वास्तपुस्त करावी, ही कामे त्यांजकडे सोपविली. शिष्य तयार झाला की त्याच्या हाती काम द्यावे. अन्यथा गुरूबरोबर कार्यही संपते.

१९६२ साली नागपूरपासून वेगळे होऊन चांदा व वर्धा ह्या भागाचे स्वतंत्र सिरो-मलबार धर्मक्षेत्र झाले आणि केरळातील सी.एम.आय. संघाचे धर्मगुरू येथे आले. त्या संघाचे एक संस्थापक संत कुरियाकोस एलियास चावरा ह्यांनी १८६८ साली आपल्या कैनकरी ह्या जन्मगावच्या लोकांस एक पत्र लिहिले. घरातील शांती, कर्जाचे भय, मुलांचे संगोपन व कामाची शिस्त असे अगदी घरगुती विषय त्यात आहेत. आणि महिन्याकाठी एकत्र बसून ते वाचावे, अशी त्यांची इच्छा होती. धर्मशिक्षणाचे मुख्य स्थान घर होय, हा चौथा नियम.

आणि वर्ध्याने तरी काय शिकविले? ऑक्टोबर १९३७ मध्ये येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार मांडिला. आपल्या शेतकऱ्यास तो नवा नव्हता. डवरा कसा धरावा हे पोरास व्याख्यानाने सांगता येत नाही. बापामागे तासातासाने चालतच ते त्यास कळते. डवरा खोल गेला तर कपाशीची मुळे तुटतात, उथळ राहिला तर तण राहते. उपदेशाचेही तसेच आहे. अपोल्लोस ह्या विद्वान वक्त्याची चूक आक्विला व प्रिस्किल्ला ह्या दांपत्यास दिसली, तेव्हा त्यांनी त्यास चारचौघांत खोडून काढिले नाही. आपल्याकडे नेऊन प्रभूचा मार्ग अधिक नीट समजाविला, असे प्रेषितांच्या कृत्यांत आहे.

वाचकहो, हे सर्व सांगावयाचे कारण एकच. आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती घरे थोडी व दूरदूर आहेत. दृढीकरण झाले की मुलाची रविवारची शाळा सुटते. पुढे ते शिक्षणासाठी वा नोकरीसाठी नागपुरास, पुण्यास जाते, आणि तेथे त्याच्या श्रद्धेची विचारपूस करणारे कोणी उरत नाही. धर्मपिता व धर्ममाता ह्यांनी बाप्तिस्म्याच्या दिवशी दिलेले वचन पुष्कळदा त्या दिवसाच्या जेवणाबरोबरच संपते. हे असेच चालले तर पुढील महोत्सवास मंदिर उभे असेल, पण प्रार्थना म्हणणारे किती असतील?

ह्यावर उपाय साधा आहे. प्रत्येक प्रौढाने एकच व्यक्ती आपली मानावी. महिन्यातून एकदा तिच्या घरी जावे, किंवा दूर असल्यास फोन करावा. आधी ऐकावे, मग बोलावे. शुभवर्तमानाचा एक उतारा दोघांनी मिळून वाचावा. जे ठाऊक नाही त्याचे उत्तर धर्मगुरूंस विचारून सांगावे. विश्वासाने सांगितलेली गोष्ट कोणापाशी बोलू नये. वर्षभराने त्या व्यक्तीस दुसऱ्या कोणाचा तरी हात धरावयास सांगावे. एम्माउसच्या वाटेवर पुनरुत्थित प्रभूने प्रथम त्या दोघांबरोबर पावले टाकिली, त्यांचे दुःख विचारिले, आणि नंतरच शास्त्र उलगडून सांगितले. तोच क्रम आपणही पाळू या, अशी ह्या मंगल प्रसंगी आमची नम्र विनंती आहे.