ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये कॅप्टन नेमकं करतो काय?

क्रिकेटमध्ये बॉलिंग कोणाला द्यायची, फिल्डिंग कशी लावायची हे कॅप्टन ठरवतो. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये, म्हणजे तिथल्या लाडक्या 'फूटी'त, डावपेच कोचचे असतात. अंडाकृती मैदानावर संघाचे 18 खेळाडू विखुरलेले असतात. टॉस सोडला तर कॅप्टनच्या हातात अधिकृत असं फारसं काही नसतं. त्यामुळे तो स्वतः कसा वागतो, यावरच त्याचं मोठेपण ठरतं.

रिचमंडचा ट्रेंट कॉचिन 2013 मध्ये कॅप्टन झाला. 2016 मध्ये संघ 13वा आला आणि त्याच्या नेतृत्वावर सडकून टीका झाली. त्यानंतर त्याने 'कणखर कॅप्टन'चा मुखवटा उतरवला आणि स्वतःच्या मनातली भीती सहकाऱ्यांसमोर बोलून दाखवली. 2017 मध्ये रिचमंडने 37 वर्षांनी विजेतेपद मिळवलं. पुढे 2019 आणि 2020 मध्येही. अर्थात डस्टिन मार्टिनसारखा खेळाडू संघात असणं हेही काही कमी नव्हतं!

वेस्टर्न बुलडॉग्जचा बॉब मर्फी तर 2016चा अंतिम सामना खेळलाच नाही. मोसमाच्या सुरुवातीलाच त्याचा गुडघा दुखावला होता. संघ 62 वर्षांनी जिंकला, तेव्हा कोच ल्यूक बेव्हरिज यांनी त्याला मंचावर बोलावलं आणि स्वतःला मिळालेलं पदक त्याच्या गळ्यात घातलं.